मैफल हाकेच्या अंतरावर

आपल्या भागातल्या महाविद्यालयीन मुलामुलींना गाण्याची आवड नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती खरी नाही. पूर्वी ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी एखाद्या श्रीमंत रसिकाच्या घरी ताटकळत बसावे लागे, ती आज मुलांच्या खिशातल्या फोनवर क्षणात वाजते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, केसरबाईंची भैरवी, मन्सूरांचा शुद्ध नट या साऱ्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. पण "शेवटची मैफल समोर बसून कधी ऐकलीस?" असे विचारले की उत्तर येत नाही. कुठे होतात मैफली? तिकीट किती असते? आम्हाला आत सोडतील का? रात्री परतायचे कसे? प्रश्न इतके साधे असतात, आणि त्यांची उत्तरे घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक नसतात.

म्हणून हा लेख. त्यात वाटाड्याचे काम आहे आणि थोडी परखड तपासणीही आहे. कुठे जावे हे सांगायचे, तर तिथे काय चांगले आणि काय बिघडलेले आहे हेही सांगायला हवे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्या सीमाभागातली मैफल दुभाषी श्रोत्याने घडवली. आज ती विरळ होत असेल, तर गाणारे कमी झाले म्हणून नव्हे. ऐकणारे दोन वेगळ्या सभागृहांत वाटले गेले म्हणून.

दीडशे किलोमीटरचे वर्तुळ

बेळगाव मध्यबिंदू धरून नकाशावर दीडशे किलोमीटरचे वर्तुळ काढा. उत्तरेला मिरज आणि कोल्हापूर, पश्चिमेला पणजी, दक्षिणेला धारवाड आणि हुबळी, त्यापलीकडे कुंदगोळ, पूर्वेकडे गदग, सगळे त्यात येते. विसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी गायनाचा केवढा मोठा हिस्सा या वर्तुळात जन्मला किंवा वाढला, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सवाई गंधर्व कुंदगोळचे. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. गंगूबाई हनगल १९१३ साली धारवाडात जन्मल्या आणि हुबळीत राहिल्या. भीमसेन जोशी गदगचे. बसवराज राजगुरू धारवाड जिल्ह्यातल्या यलिवाळचे. कुमार गंधर्व तर बेळगावच्या वेशीवरच्या सुळेभावीचे. ८ एप्रिल १९२४ ही त्यांची जन्मतारीख. पश्चिमेकडे उतरलो की गोव्यात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेले अल्लादिया खाँ.

हा योगायोग नव्हे. म्हैसूर दरबाराकडे जाणारे उत्तरेतले गवई पुणे-मिरज-धारवाड या वाटेने जात, मध्ये मुक्काम करीत. भास्करबुवा बखले यांनी धारवाडात काही काळ शिक्षकाची नोकरी केली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी घराघरांत रागांची नावे नाही तरी रागांच्या चाली पोहोचवल्या. त्या संगीत नाटकातल्या कित्येक पदांमागे कर्नाटकी चाली आहेत. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतो, त्याच्याही नाळेत कानडी सूर आहे. असो. सांगायचे ते हे, की या वर्तुळात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गाणे ऐकायला मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसायची गरज नाही.

धारवाड-हुबळी : विद्यापीठाच्या दारात

महाविद्यालय आणि मैफल यांचे सर्वांत जुने शेजारपण धारवाडात आहे. कर्नाटक महाविद्यालय १९१७ चे. १९५० साली कर्नाटक विद्यापीठ धारवाडात आले, आणि पुढे त्याच्या संगीत विभागाला मन्सूर, गंगूबाई, राजगुरू यांच्यासारख्यांचा सहवास लाभला. ज्यांना ऐकायला लोक देशभरातून येत, ते गवई इथल्या विद्यार्थ्यांना रस्त्यात दिसत. आज ती पिढी नाही. मन्सूर १२ सप्टेंबर १९९२ रोजी गेले. चाळीस वर्षांपूर्वी, १९५२ साली, बरोबर याच तारखेला सवाई गंधर्व गेले होते. गंगूबाई २००९ साली गेल्या.

परंतु त्यांच्या मागे राहिलेल्या शिष्यवर्गामुळे आणि स्मृतिदिनांच्या प्रथेमुळे धारवाडचे संगीत-पंचांग अजून भरगच्च आहे. मन्सूरांच्या स्मृतिदिनाच्या आणि ३१ डिसेंबरच्या जन्मदिनाच्या आसपास कार्यक्रम होतात. त्यांचे राहते घर आता स्मारक आहे आणि विद्यार्थ्यांनी एकदा तरी तिथे जावे. धारवाडच्या मैफलींचा गुण असा, की प्रवेश बहुधा मोफत असतो आणि आसनांच्या प्रतिष्ठेचा फारसा बडेजाव नसतो. निवृत्त प्राध्यापक, पेढेवाला आणि वसतिगृहातला मुलगा एका रांगेत बसतात. दोषही सांगायला हवा. स्मृतिदिन म्हटला की व्यासपीठावर सहा खुर्च्या येतात, दीपप्रज्वलन येते, शाल-श्रीफळ येते, आणि प्रत्येक पाहुणा दिवंगत गवयाशी आपली जवळीक किती होती हे सांगतो. सातचे गाणे साडेआठला सुरू होते. ज्या गवयाच्या नावाने सभा भरली, त्याने आयुष्यभर जपलेल्या वेळेवर हा अन्याय आहे. विद्यार्थ्याने यावर एकच उपाय करावा: भाषणांच्या वेळी एखादे पुस्तक जवळ ठेवावे, पण जागा सोडू नये. तंबोरे जुळताना जो हजर नसतो त्याची अर्धी मैफल बुडते. का, ते पुढे सांगतो.

कुंदगोळ : वाड्यातले गाणे

हुबळीहून बंगळूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, सुमारे वीस किलोमीटरवर कुंदगोळ हे स्थानक आहे. इथल्या नाडगीर वाड्यात अब्दुल करीम खाँचे येणे-जाणे होते आणि रामभाऊ कुंदगोळकर त्यांच्याकडून गाणे शिकले. पुढे हेच रामभाऊ मराठी रंगभूमीवर गाजले आणि 'सवाई गंधर्व' हे बिरुद घेऊन परत आले. कानडी घरातला मुलगा, उत्तरेतल्या मुसलमान उस्तादाचा शिष्य, मराठी नाटकातला नट. आपल्या भागाची सारी कहाणी या एका माणसात मावते.

गंगूबाई हुबळीहून गाडीने कुंदगोळला शिकायला जात. शिकवणी संपायला उशीर झाला की त्यांना स्थानकापर्यंत सोडायला गुरुगृही राहणारा एक मुलगा येई आणि वाटेत "आज काय शिकवले?" असे विचारी. तो मुलगा म्हणजे भीमसेन. ही हकिकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे; पण आजच्या पालकांनी ती वेगळ्या कारणासाठी आठवावी. १९३०-४० च्या काळात एक तरुण स्त्री गाण्यासाठी संध्याकाळची गाडी पकडत होती. आज बस आहे, फोन आहे, बरोबर चार मैत्रिणी आहेत, तरी मुलीला रात्रीच्या मैफलीला पाठवायचे म्हटले की घरात बैठक बसते. मुलगा ऑर्केस्ट्राला जातो तेव्हा ती बसत नाही. मुलीची काळजी रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र मुलीला घरी ठेवणे हा नसून तिच्याबरोबर आपण जाणे हा आहे. आई-मावशी बरोबर आल्या तर श्रोते तीनने वाढतील, हा फायदा वेगळाच.

सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीनिमित्त या वाड्यात संगीतोत्सव होतो. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, वाढला, त्याला भीमसेनांचेही नाव जोडले गेले. तिथे हजारो लोक मंडपात बसतात आणि दूरच्यांना गायक पडद्यावर दिसतो. त्या महोत्सवाचे ऋण कोण नाकारील? पण एखाद्या विद्यार्थ्याने जन्मातली पहिली मैफल कुठे ऐकावी, असे मला विचाराल तर मी वाड्याकडे बोट दाखवीन. वाड्यात गायक आणि श्रोता यांच्यात अंतर थोडे असते. गायकाने एखादी जागा घेताना क्षणभर थांबून केलेला विचार चेहऱ्यावर दिसतो. तबलजीने ठेका किंचित सैल केला तर तो कळतो. मंडपात गाण्याचा निकाल कळतो. वाड्यात ते घडताना दिसते. विद्यार्थ्याला उपयोगी पडते ते हे दुसरे.

मिरज : दर्गा आणि देऊळ

बेळगावच्या विद्यार्थ्याला मिरज रेल्वेने गाठता येते. अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात वारले. त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीतसभा होते आणि गायक-वादक आपली हजेरी लावतात. 'कार्यक्रम' आणि 'हजेरी' या दोन शब्दांत फरक आहे. हजेरीला बिदागीचा, क्रमाचा आणि मानपानाचा प्रश्न गौण असतो. एखादा नवखा गायक वीस मिनिटे गाऊन उठतो, त्याच्यामागून नामवंत बसतो. विद्यार्थ्यासाठी याहून मोठी शाळा नाही, कारण चांगले आणि मध्यम एकापाठोपाठ ऐकल्याशिवाय चांगल्याची किंमत कळत नाही. महोत्सवात केवळ नामवंतांना ऐकणाऱ्याचा कान लाडावतो. त्याला तुलना करता येत नाही.

त्याच मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव असतो. दर्गा आणि देऊळ, दोन्हीकडे सूर तोच. दिवसा वेळ मिळाला तर सतारमेकर मंडळींच्या गल्लीत फेरी मारावी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, त्यांच्यावर चढणारी लाकडी दांडी, जवारी काढताना घोडीवर फिरणारी कानस, हे पाहिले की तंबोऱ्याचा नाद ही फुकटची गोष्ट नाही हे उमजते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले ही आनंदाची बातमी. पण पेटीतल्या विजेच्या तंबोऱ्यावर भागवणाऱ्या मैफलींची संख्या पाहता, त्या कारागिरांना मानपत्रापेक्षा गिऱ्हाईक हवे आहे.

बेळगाव : सभागृहे आणि पहाट

बेळगावात गाण्याला जागांची वाण नाही. कुमार गंधर्वांच्या नावाचे कलामंदिर आहे, लोकमान्य रंगमंदिर आहे, शिक्षणसंस्थांची वातानुकूलित सभागृहे आहेत, शहापूरच्या सरस्वती वाचनालयासारख्या जुन्या संस्था आहेत. टिळकवाडीतल्या महाविद्यालयांतून यातल्या काही ठिकाणी सायकलीवर जाता येते. उणीव आहे ती योजनेची. एकाच शनिवारी दोन कार्यक्रम आणि मग दीड महिना शुकशुकाट, असे का व्हावे? एका संस्थेची पत्रिका दुसऱ्या संस्थेला पाहायला मिळाली, तरी पुष्कळ काम होईल.

दिवाळी पहाटेबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्या मुलांची गाण्याशी पहिली गाठ बहुधा तिथेच पडते. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून सहकुटुंब गाणे ऐकायला जाणे ही कल्पना सुंदर आहे. पण आपण त्या पहाटेचे करतो काय? साडेपाच-सहाची वेळ म्हणजे ललत, भटियार, रामकली, अहिर भैरव यांची हक्काची वेळ. सभागृहातल्या मैफलींत हे राग वर्षभर कानांवर पडत नाहीत, कारण त्या संध्याकाळी असतात. वर्षातून एकदा पहाटेचा श्रोता जमतो, आणि त्याला आपण काय देतो, तर संध्याकाळीही चालला असता असा भक्तिगीते, नाट्यगीते आणि चित्रपटगीतांचा तयार फराळ, मध्ये निवेदकाचे विनोद. अभंगाला किंवा नाट्यपदाला माझा विरोध नाही. सुरुवातीचा पाऊण तास एक पहाटेचा राग विस्ताराने गायला लावावा आणि मग हवे ते अभंग म्हणावेत, एवढीच मागणी आहे. श्रोते उठून जातील, ही आयोजकांची भीती अनाठायी आहे. जे पहाटे चारला उठून स्नान करून येतात, ते पाऊण तास ललत ऐकायला कंटाळत नाहीत.

आणि महाविद्यालयाच्या आवारात? स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. त्या वयाला तेही हवे असते. पण त्याच सभागृहात वर्षातून दोन दुपारी गाणे व्हायला काय हरकत आहे? 'स्पिक मॅके' ही चळवळ किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीच्या आय. आय. टी.त सुरू केली. कलावंताने विद्यार्थ्यांसमोर बसून आधी थोडे समजावून सांगायचे आणि मग गायचे, ही तिची रीत. आपल्या महाविद्यालयात चार विद्यार्थी आणि एक उत्साही प्राध्यापक असे पाच जण पुरतात. पदाधिकाऱ्यांच्या यादीपेक्षा सतरंज्या घालणारे हात महत्त्वाचे.

रात्र दहाला संपते

जुने रसिक रात्रभर चालणाऱ्या मैफलींच्या आठवणी सांगतात आणि नव्या पिढीला उगीच कमीपणा वाटतो. त्यामागचे कारण समजून घेतलेले बरे. २००० साली ध्वनिप्रदूषण नियमावली आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला तिने बंदी केली. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही या निर्बंधांवर शिक्कामोर्तब केले. पुण्याच्या महोत्सवातली रात्रभराची अखेरची बैठकही त्यामुळे इतिहासजमा झाली.

नियम योग्यच आहे. रुग्णाला आणि परीक्षार्थीला झोप हवी. पण त्याचा परिणाम रागांवर झाला आहे. दरबारी, अडाणा, मालकंस यांची वेळ यायच्या आत सभा उठते. मग गायक रात्री नऊलाच दरबारी आळवतो, नाही तर तो राग सोडूनच देतो. सोहनी आणि ललत यांची तर समोरासमोर गाठच पडत नाही. उलट एक लाभही झाला आहे, तो कोणी सांगत नाही. सभा लवकर संपवायची म्हणून आता त्या दुपारी सुरू होतात, आणि एके काळी मैफलीत क्वचित ऐकू येणारे भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती पुन्हा कानी येऊ लागले आहेत. विद्यार्थ्यांनी दुपारच्या सत्राला आवर्जून जावे. गर्दी कमी असते, पुढे जागा मिळते, तरुण गायक जीव तोडून गातो आणि घरी दिवेलागणीला परतता येते.

आणखी एक पळवाट नव्हे, राजमार्ग आहे. बंदिस्त सभागृहाला, आतला आवाज आतच राहत असेल तर, ही रात्रीची बंदी लागू नाही. आणि ध्वनिवर्धकच नसेल तर प्रश्नच मिटला. चाळीस-पन्नास माणसांच्या दिवाणखान्यात ध्वनिवर्धक लागतो कशाला? कोजागिरीला एखाद्याच्या घरी, दारे लावून, नुसत्या तंबोऱ्यावर रात्रीचा मालकंस ऐकता येतो. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या संस्था मोठ्या झाल्या त्या अशाच बैठकींतून.

सतरंजी एक, भाषा दोन

आता मुख्य मुद्दा. आपल्या गावांत आज संगीताचे दोन नकाशे झाले आहेत. ज्या कार्यक्रमाची पत्रिका कानडीत छापली जाते तो 'त्यांचा' आणि जिची मराठीत ती 'आपली'. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकाच घराण्याचे दोन गायक दोन सभागृहांत गातात. दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सीमाप्रश्नाची बाजू ज्याने त्याने आपल्या मनाशी पक्की केलेली आहे आणि ती मांडायची जागा ही नव्हे. पण गाण्यापुरते बोलायचे, तर या दुफळीत नुकसान आपल्याच मुलांचे आहे.

थोडा विचार करून पाहा. ख्यालाची बंदिश बहुधा ब्रज भाषेतली. म्हणजे गाण्याची भाषा मराठी श्रोत्याचीही नव्हे आणि कानडी श्रोत्याचीही नव्हे. दोघेही तिथे सारखेच पाहुणे. भीमसेनांनी मराठीत संतवाणी घराघरांत पोहोचवली आणि कानडीत दासवाणी; पंढरीच्या विठ्ठलाला दोन्ही कळल्या. मन्सूरांनी शिवशरणांची वचने गायली. त्यांचे आधीचे गुरू मिरजेचे नीळकंठबुवा, पुढचे गुरू अल्लादिया खाँचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ. बसवराज राजगुरू गदगच्या पंचाक्षरी गवयांकडे शिकले आणि मराठी नाट्यपदे अशी गात, की त्यांची मातृभाषा कोणती याचा श्रोत्याला विसर पडे. कुमार गंधर्व कानडी घरातले. गाणे शिकले मुंबईत देवधरांकडे, राहिले माळव्यात देवासला, आणि बालगंधर्वांवर व तुकारामांवर मराठीत मैफली केल्या. यातला कोणता गवई कोणत्या सभागृहाचा?

आणि दाद? "भले!" हा शब्द मराठीतही आहे आणि कानडीतही. समेवर दोन्हीकडची मान एकाच मात्रेला हलते.

म्हणून सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याला माझे सांगणे आहे: कानडी पत्रिका वाचायला शिका. निवेदन कळले नाही तरी बिघडत नाही. रागाचे नाव तेच असते. शेजारच्या आज्जांना विचारा, ते हौसेने सांगतील. आणि मराठी संस्थांना सांगणे असे, की आपल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत चार ओळी कानडीतही छापा. त्याने मराठीची एक मात्राही कमी होणार नाही. सभागृह भरेल, आणि भरलेल्या सभागृहात गायक वेगळा गातो हे प्रत्येक गायक जाणतो.

कान कसा तयार होतो

जागांची माहिती झाली. आता ऐकण्याविषयी थोडे. शास्त्र कळत नाही म्हणून मुले बिचकतात. शास्त्र नंतर येते. पहिल्या पाच मैफलींना पुढच्या चार गोष्टी पुरतात.

एक, तंबोरे जुळण्याच्या आधी पोहोचा. पहिली तार पंचमात लावली आहे, मध्यमात की निषादात, हे ऐकायचा प्रयत्न करा. मालकंसाला पंचम चालत नाही, म्हणून ती तार मध्यमात उतरते. मारव्याला किंवा पुरियाला बहुधा निषादात. गायकाने तोंड उघडायच्या आधीच तंबोरा रागाची चाहूल देतो.

दोन, ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर बसू नका. मध्यभागी, चौथ्या-पाचव्या रांगेत बसा. तबला गळ्यावर चढतो आहे असे वाटले तर मध्यंतरात आयोजकांना नम्रपणे सांगा. श्रोता बोलत नाही म्हणून ध्वनियोजना सुधारत नाही.

तीन, विलंबित चालू असताना बोटांवर मात्रा मोजा. एकतालाच्या बारा, तीनतालाच्या सोळा. किराण्याचा गायक विलंबित एकतालात एका आवर्तनाला एवढा अवकाश घेतो, की नवख्याला सम हरवल्यासारखी वाटते. जयपूर-अत्रौलीचा गायक बहुधा मध्यम चालीच्या तीनतालात लयीला बांधून गातो. मात्रा मोजल्या की घराण्यांतला भेद पुस्तकाशिवाय समजू लागतो.

चार, एकच स्वर आणि वेगळे राग ऐका. मारवा, पुरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण मारवा रिषभ-धैवतावर उभा राहून सांजवेळेची हुरहुर लावतो, पुरिया गंधार-निषादाशी मंद्रात घुटमळतो आणि सोहनी तार षड्जाकडे झेपावते. भूप आणि देशकार यांचेही पाचच स्वर समान, एक संध्याकाळचा तर दुसरा सकाळचा. हा फरक ज्या दिवशी कानाला कळेल, त्या दिवशी तुम्ही श्रोते झालात.

फोनवर ध्वनिमुद्रण करू नका, असे मी सभ्यतेपोटी सांगत नाही. ते आपल्याच हिताचे आहे. हातात पडदा असला की "नंतर ऐकू" असे मन म्हणते, आणि त्या क्षणाचे ऐकणे राहून जाते. घरी मात्र त्याच रागाची जुनी मुद्रिका जरूर ऐका. मैफलीत ऐकलेला मारवा आणि मुद्रिकेतला मारवा शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडते.

शेवटी टाळीबद्दल. गायक श्रोत्याकडे पाहून गातो. अतिद्रुत तानेला आणि तबल्याच्या तिहाईला कडकडाट, आणि शांतपणे लावलेल्या गंधाराला मौन, असे वीस वर्षे चालले तर गंधार लावणारे कमी होतील. यात गायकाचा दोष नाही. आपल्या भागाने सवाई गंधर्व, मन्सूर, गंगूबाई दिले असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यासमोर रात्र-रात्र बसून, चुकले तर मान न हलवणारे श्रोतेही याच भागाने दिले होते. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. कोणी मराठी बोलत, कोणी कानडी, पुष्कळसे दोन्ही. ती जागा आता रिकामी आहे आणि तिला प्रवेशपरीक्षा नाही. या दिवाळीच्या सुट्टीत वर्तमानपत्रातल्या स्थानिक पानावर, मराठी आणि कानडी दोन्ही, एकदा बारीक नजर टाका. एखादी मैफल सापडेलच. वेळेच्या अर्धा तास आधी निघा, आणि भैरवी होईपर्यंत उठू नका.